पाच ग्रॅम पीठ

वजनमाप खात्यातून निवृत्त झालेल्या माणसाला बाजार सहसा पंधरा दिवसांत विसरतो. मिलिग्रॅमबाईंच्या बाबतीत त्याला दोन वर्षे झाली तरी ते जमले नव्हते. त्या भाजीच्या गल्लीत शिरल्या की कोणीतरी कोपऱ्यातून हळूच ‘बाई आल्या’ म्हणे आणि गल्लीतली सगळी पारडी एका रेषेत येत. बाई फक्त गाजरे घ्यायला आलेल्या असत. भीतीपोटी दुकानदार त्यांना किलोमागे तीस-चाळीस ग्रॅम जास्त घाली. त्या घरी जाऊन वजन करत आणि जास्तीचे गाजर परत आणून देत. यात अर्धी सकाळ जाई. अशा रिकाम्या सकाळी त्यांच्याकडे पुष्कळ होत्या.

हे नाव त्यांना एका सराफामुळे पडले. त्याचा काटा तीन मिलिग्रॅमने चुकत होता, म्हणून बाईंनी तो सील केला. चूक गिऱ्हाइकाच्या बाजूने होती. सराफ काकुळतीला येऊन म्हणाला की यात नुकसान त्याचे एकट्याचे आहे. नुकसान कोणाचे ते खाते बघत नाही, असे बाईंनी सांगितले आणि पुढच्या दुकानात गेल्या. तिथवर त्यांचे नवे नाव आधीच पोचले होते.

त्यांचे खरे कसब चाचणी खरेदीत होते. साधे कपडे घालायचे, हातात कळकट पिशवी घ्यायची, एखाद्या गरजू मावशीसारखा चेहरा करून किलोभर साखर घ्यायची आणि कोपऱ्यावर उभ्या केलेल्या गाडीत नेऊन तोलायची. दुकानदाराला ताकास तूर लागू द्यायची नाही. नव्या निरीक्षकांना शिकवताना त्या एकच वाक्य सांगत: आधी सांगितलं तर वजन नेहमी बरोबर भरतं. हे वाक्य त्यांनी एकतीस वर्षे वापरले. पुढे ते त्यांनी एकदा घरी वापरले. या हकिकतीतला सगळा घोळ तिथून सुरू होतो.

घरी म्हणजे धाकट्या भावावर. भाऊ त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान. आई-वडील लवकर गेले आणि तो बाईंच्या हाताखाली वाढला. बाई त्याला छोट्या म्हणत. तो पन्नाशीला टेकला, चष्म्यांचे स्वतःचे दुकान काढून बसला, दोन मुलींचा बाप झाला, तरी छोट्याच राहिला. बाईंनी लग्न केले नाही. कोणी विचारले तर म्हणत, वेळ झाला नाही. ते खरेही होते. छोट्याची शाळा, मग कॉलेज, मग त्याचे लग्न, आणि तोवर कोणी विचारीनासे झाले.

बाई निवृत्त झाल्या त्याच सुमारास डॉक्टरांनी छोट्याला सांगितले की त्याला गहू चालत नाही. गहू, बार्ली आणि त्यांचे सगळे नातेवाईक. पीठ कणभरही पोटात गेले तरी आतडे बिघडते. बाईंचा यावर विश्वास बसेना. पोटदुखी हा छोट्याचा जुना धंदा होता. चौथीत असताना तो दर गणिताच्या परीक्षेला पोट धरून बसे. आणि ज्या मुलाला आपण वीस वर्षे हाताने भरवले त्याचे पोट आपल्याला कळत नाही, हे एखादा डॉक्टर अर्ध्या तासात ठरवतो म्हणजे काय?

तेव्हा दीड वर्षापूर्वीच्या एका रविवारी बाईंनी चाचणी केली. छोट्या जेवायला आला होता. टोमॅटोचे सूप दाट करायला त्यांनी पाच ग्रॅम गव्हाचे पीठ घातले. पाच म्हणजे पाच. निवृत्तीच्या दिवशी खात्याने भेट दिलेल्या पितळी तराजूत तोलून. कोणाला सांगितले नाही. छोट्याने दोन वाट्या सूप प्यायले, ताईच्या हाताची तारीफ केली, आणि सकाळपर्यंत तो अंथरुणाला खिळला. नऊ दिवस.

नवव्या दिवशी बाई त्याच्याकडे गेल्या. चाचणीचा निकाल संबंधिताला कळवावा लागतो असा नियम आहे, आणि बाईंनी नियम कधी मोडला नव्हता. त्यांनी जे होते ते सांगितले. भावजय हातातला ग्लास तसाच धरून उभी राहिली. छोट्या छताकडे बघत होता.

“किती?” त्याने विचारले.

“पाच ग्रॅम.”

“नक्की?”

“नक्की.”

तो भिंतीकडे कूस करून झोपला.

भांडण वगैरे काही झाले नाही. भांडण झाले असते तर मिटले असते. छोट्या बरा झाला आणि दर महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी पाचला ताईकडे येऊ लागला, पूर्वीपेक्षाही नियमाने. येताना पाण्याची बाटली स्वतःची आणी. दाराजवळच्या खुर्चीवर बसे, चाळीस मिनिटे बोले. दुकान, मुलींचे मार्क, शहरातली खोदकामे. बाईंनी एकदा द्राक्षे पुढे केली. तो म्हणाला, आत्ताच खाऊन आलो. द्राक्षांत गहू नसतो हे दोघांनाही माहीत होते. तो गेल्यावर बाईंनी द्राक्षे मोजली. तो घड उगीचच बत्तीसचा निघाला.

अशी सोळा-सतरा महिन्यांची चाळीस-चाळीस मिनिटे झाल्यावर बाईंनी घर साफ करायला घेतले. पीठ गेले, पिठाचा डबा गेला, चाळणी गेली. लाकडी चमचे गेले, कारण लाकूड पीठ धरून ठेवते. पाव कापायची सुरी, टोस्टर, नूडल्स, सोया सॉसची बाटली (लेबल वाचल्यावर), बिस्किटे आणि बिस्किटांवरचा जीव. शेगडी आणि तिच्यामागची भिंत त्यांनी स्वतः घासली. पातेलीसुद्धा दिली, जुन्या पातेल्यांना पोचे असतात आणि पोच्यांत काय बसलेले असते ते सांगता येत नाही. शेवटी घरात एक किटली, दोन ताटे आणि बाई उरल्या. मग त्यांनी गेलेल्या वस्तूंची यादी केली. क्रमांक घालून, त्रेचाळीस वस्तू, खाली तारीख आणि सही. ती पोस्टाने भावाला पाठवली.

चौथ्या दिवशी फोन आला.

“यादी वाचली,” छोट्या म्हणाला.

“मग?”

दुकानातला पंखा बंद केल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, “या रविवारी जेवून जाईन.”

बाई “बरं” म्हणाल्या. फोन ठेवल्यावर त्या तिथेच उभ्या राहिल्या. किती वेळ, ते त्यांनी मोजले नाही.

आता प्रश्न भांड्याचा होता. वरच्या मजल्यावर एक नर्स राहते. तिची पाळी कधी सकाळची, कधी रात्रीची, म्हणून ती स्लो कुकरमध्ये, म्हणजे विजेवर तासन्‌तास मंद शिजवणाऱ्या भांड्यात, जेवण लावून झोपते. तिनेच सुचवले की नवा कुकर घ्या, कोऱ्या भांड्याचा कोऱ्या मनासारखा भरवसा असतो. मग कृती सांगितली: सकाळी सगळं भरायचं, बटण दाबायचं आणि विसरून जायचं. पहिल्या दोन गोष्टी बाईंना सोप्या वाटल्या.

दुकानात फक्त सहा माणसांचा कुकर शिल्लक होता. बाईंनी तो घेतला. क्विनोआ या परदेशी धान्याचे सीलबंद पाकीट घेतले, त्यावर ग्लुटेन-फ्री, म्हणजे गव्हातले प्रथिन नसलेले, असा शिक्का होता. घरी येऊन तोलले तर आत चार ग्रॅम जास्त निघाले. कंपनीला कळवावे का, यावर त्यांनी शनिवारची दुपार घालवली.

रविवारी सकाळी अकराला त्यांनी आरंभ केला. तीनशे ग्रॅम क्विनोआ, दोनशे ग्रॅम मसूर, चारशे ग्रॅम भोपळा, अडीचशे ग्रॅम गाजर, चार टोमॅटो, सहा लसणाच्या पाकळ्या, मिरपूड, मीठ, चमचाभर तेल. क्विनोआ न धुता शिजवला तर कडू लागतो, असे पाकिटावर लिहिले होते. बाईंनी तो फेस येईनासा होईपर्यंत तीनदा धुतला. मसूर दाणा-दाणा निवडला, गव्हाचा एखादा घुसखोर सापडतो का ते बघायला. सापडला नाही. सगळे भांड्यात गेले, वर मोजून पाणी, काचेचे झाकण, आणि बटण मंद आचेवर. सहा तास. पाच वाजता जेवण आणि भाऊ एकाच वेळी तयार.

स्लो कुकर हे फार थंड डोक्याचे उपकरण आहे. त्याला शिट्टी नाही, उकळी नाही, करपणे नाही. पहिले दोन तास तर तो काही करतोय याचाच पुरावा नसतो. झाकण उघडून बघितले की वाफ जाते आणि अर्धा तास वाढतो, म्हणून उघडायचेही नाही. बाई समोर खुर्ची टाकून बसल्या. झाकणावर आतून थेंब जमायचे, फुगायचे, घसरायचे. घरात काही शिजताना आवाज करत असले की ते घर भरलेले वाटते. हे भांडे त्यांच्यासारखेच निघाले.

दीड वाजता त्यांनी टेबल पुसले. दोनला पुन्हा पुसले. मग हाताला काम हवे म्हणून तराजू साफ करायला घेतला.

तराजू स्वयंपाकघराच्या खिडकीपाशी उभा असे. पितळी दांडी, दोन पारडी, शेजारी मखमलीच्या पेटीत वजने. तो दररोज मऊ ब्रशने झटकायचा आणि कातड्याने पुसायचा. पाणी लावायचे नाही. पाणी लागले की पितळ बदलते, पारडे हलके-जड होते. खात्यातला हा पहिला धडा. बाईंनी उजवे पारडे झटकले, काठाखालच्या वळणात ब्रश फिरवला आणि सवयीने ब्रशचे केस उजेडात धरले. केसांच्या मुळाशी काहीतरी फिकट पांढरे होते.

धूळ असेल. भिंतीचा चुना असेल. बाईंनी ब्रश खाली ठेवला.

त्या पाच ग्रॅम पिठाचे वजन याच पारड्यात झाले होते. आणि आज सकाळी क्विनोआ, मसूर, भोपळा, गाजर, सगळे याच पारड्यातून भांड्यात गेले होते. घरातून त्रेचाळीस वस्तू गेल्या. तराजू गेला नाही, धुतला गेला नाही, यादीतही आला नाही. कारण बाईंच्या लेखी तो भांडे नव्हताच. तो तपासतो, त्याला कोण तपासणार?

त्यांनी कागद घेतला. ग्लुटेन-फ्री म्हणायला किलोमागे वीस मिलिग्रॅमपर्यंत ग्लुटेन चालते, हे त्यांनी कधीच पाठ केले होते. भांड्यात अडीच किलो ऐवज. म्हणजे पन्नास मिलिग्रॅमपर्यंत सूट. दीड वर्ष रोज झटकलेल्या पारड्यात काठाखाली राहून राहून किती राहील? एक मिलिग्रॅम. धरा दोन. त्यातले निम्मे क्विनोआसोबत तीनदा धुऊन गेले असणार. कागदावर जेवण पास होते, आणि चांगल्या फरकाने पास होते. गप्प बसण्यात कोणताही नियम मोडत नव्हता.

पण ‘धरा दोन’ हे शब्द त्यांनी स्वतःच्या अक्षरात कागदावर पाहिले आणि कागद उलटा ठेवला. एकतीस वर्षांत त्यांनी अंदाजावर एकही काटा पास केला नव्हता.

नव्याने करावे तर वेळ नव्हता आणि दुसरे भांडेही नव्हते. सांगावे तर छोट्या जेवणार नाही. आज जेवला नाही तर पुन्हा ‘जेवून जाईन’ म्हणेल याची खात्री काय? हा दिवस यायला दीड वर्ष लागले होते. त्या वरच्या मजल्यावर गेल्या, नर्सच्या दारापुढे उभ्या राहिल्या. आतून काही आवाज नव्हता. रात्रपाळी करून झोपली असणार. बाईंनी बेलकडे नेलेला हात मागे घेतला, पायपुसणे सरळ केले आणि खाली आल्या. तेवढ्यात लक्षात आले की हे विचारण्यासारखे दुसरे दार आपल्या ओळखीचे नाही.

मग त्या पाचपर्यंत खुर्चीवर बसून राहिल्या. वास मात्र छान सुटला होता.

छोट्या वेळेवर आला. खांद्यावर नेहमीची पिशवी. तो बूट काढायला वाकला तेवढ्यात बाई म्हणाल्या, “छोट्या, जेवायचं नाही.”

“का? करपलं?”

“त्यात करपत नाही. तराजूच्या पारड्यात पीठ होतं. तेव्हाचं. मी सगळं त्यातच तोललं.”

त्याने एक बूट काढला होता, एक पायात होता.

“किती?” त्याने विचारले.

“मोजता येत नाही.”

“तुला?”

“मला.” मग बाईंनी कागदावरचा हिशेबही सांगितला, पन्नास मिलिग्रॅमपासून धरा दोनपर्यंत, कारण तोही निकालाचा भाग होता. “कायद्याने चालतं,” त्या म्हणाल्या, “पण तू खाऊ नकोस.”

छोट्याने दुसरा बूट काढला. या खेपेला तो दाराजवळच्या खुर्चीवर बसला नाही. सरळ आत गेला, टेबलाशी बसला आणि पिशवीतून डबा काढून समोर ठेवला.

बाईंनी डब्याकडे बघितले. “जेवणार म्हणाला होतास.”

“यादीत तराजू नव्हता, ताई.”

बाईंची नजर खिडकीपाशी तराजूकडे गेली.

“दोनदा वाचली,” तो म्हणाला. “बारीक अक्षर वाचणं हाच माझा धंदा आहे. त्रेचाळीस वस्तू, चहाचं गाळणंसुद्धा आहे, तराजू नाही. आणि तू पाच ग्रॅम म्हणालीस म्हणजे तोललेच असणार. डोळ्यांनी अंदाज घेणारी तू नव्हेस.”

“मग फोनवर का नाही बोललास?”

“आधी सांगितलं तर वजन नेहमी बरोबर भरतं.”

एकतीस वर्षे दुकानाच्या फळीच्या अलीकडे उभ्या राहिलेल्या बाई पहिल्यांदा पलीकडे उभ्या होत्या. साखरवाले, तेलवाले, तो सराफ, त्या सगळ्यांचे चेहरे असे का होत असत ते त्यांना आता कळले. राग आला, पण कोणाचा ते ठरेना. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसल्या.

“आणि मी नसतं सांगितलं तर?”

“तर डबा खाल्ला असता आणि निघालो असतो.”

“पुढच्या महिन्यात?”

डब्याचे झाकण घट्ट होते. ते उघडण्यात तो गुंतला.

मग दोघे जेवले. एका टेबलावर, दोन वेगवेगळी जेवणे. बाईंनी ताटात क्विनोआ वाढून घेतला. तो मऊ झाला होता, मसूर विरघळला होता, भोपळ्याने सगळ्याला स्वतःचा रंग दिला होता. छोट्याच्या डब्यात भात आणि कसलीशी भाजी. बोलणे फारसे झाले नाही. त्याने एकदा विचारले की एवढा मोठा कुकर कशाला घेतलास, आणि बाई म्हणाल्या की लहान नव्हता. चाळीस मिनिटे होऊन गेली हे घड्याळाकडे तोंड करून बसलेल्या बाईंनी पाहिले. छोट्याची पाठ घड्याळाकडे होती.

जेवण झाल्यावर त्याने डबा बंद केला, उठला आणि खिडकीपाशी जाऊन तराजूचे उजवे पारडे आकड्यावरून काढले.

“पाणी नाही लावायचं त्याला,” बाई म्हणाल्या.

तो पारडे हातात धरून त्यांच्याकडे बघत राहिला. मग सिंकपाशी गेला आणि नळ सोडला. बाई क्षणभर बसून राहिल्या, मग उठल्या आणि साबण त्याच्या हाताजवळ सरकवला. त्याने काठाखालून बोट फिरवून पारडे घासले. त्या सूपच्या आधीचा छोट्या इथे जेवल्यावर ताट घासताना असेच काठाखालून बोट फिरवी, कारण बाईंनीच तसे शिकवले होते.

निघताना बूट घालता घालता तो म्हणाला, “पुढच्या वेळी भोपळा घालू नकोस. मला आवडत नाही.”

“लहानपणी खायचास की.”

“तू द्यायचीस.”

जिन्यावरून त्याची पावले उतरत गेली. पहिल्या मजल्याच्या वळणावर थोडी थांबली, बहुधा पिशवी सावरायला, आणि मग खाली गेली.

सहा माणसांचे जेवण एका माणसाला गुरुवारपर्यंत पुरले. बाई रोज दुपारी एक वाटी गरम करत आणि खिडकीपाशी बसून खात. तिसऱ्या दिवशी त्यांच्या लक्षात आले की भोपळा त्यांनाही आवडत नाही. तो स्वस्त आणि पौष्टिक असल्यामुळे त्या वेळी घरात येई, आणि हे कोणाला विचारायचे राहून गेले होते. उजवे पारडे पुन्हा टांगल्यावर ते केसभर वर राहू लागले. पेटीत बारीक शिसे होते. अडकवले असते तर काटा पाच मिनिटांत मध्यावर आला असता. बाईंनी पेटी उघडली आणि तशीच मिटली.

शुक्रवारी त्यांनी यादीची पुरवणी लिहिली आणि पोस्टात टाकली. क्रमांक मागच्या यादीपासून पुढे चालू होते.

४४. तराजू, उजवे पारडे. पाण्याने धुतले.

४५. भोपळा.

खाली तारीख आणि सही.